विश्लेषण : नाशिक जिल्ह्यातला गोपाळ बडोद्याचा सुधारक राजा कसा झाला? हुकमाने समाज किती बदलला?

मालेगाव तालुक्यातील कौळाणे गावच्या शेतकरी घरात जन्मलेल्या गोपाळला बाराव्या वर्षापर्यंत धड लिहिता-वाचता येत नव्हते. हाच मुलगा पुढे तिसरे सयाजीराव गायकवाड या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने आपल्या राज्यातल्या प्रत्येक मुलाने शाळेत गेलेच पाहिजे असा कायदा केला. ग्रंथालये, बालविवाहबंदी, बँक, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती अशी त्यांच्या कामांची यादी बरीच लांब आहे. मात्र ज्या आंबेडकरांना बडोदा सरकारने न्यू यॉर्कला पाठवले, त्यांना परतल्यावर खुद्द बडोदा शहरात राहायला एक खोली मिळाली नाही. राजाने मनावर घेतले तर समाज कुठपर्यंत बदलतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला सयाजीरावांची ५७ वर्षांची प्रत्यक्ष कारकीर्द उपयोगी पडते.

कौळाण्याचा मुलगा बडोद्याला कसा पोहोचला?

गायकवाड घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील दावडीचे. पेशवाईत या घराण्याने गुजरातेत राज्य उभे केले. त्यातली एक दूरची शाखा मालेगावजवळ कौळाणे येथे शेती करून राहत होती. काशिराव आणि उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव जन्मले. तेव्हा नाशिक हा स्वतंत्र जिल्हाच नव्हता. तो १८६९ मध्ये झाला. इंग्रजी कागदपत्रांमुळे गावाचे नाव अनेक पुस्तकांत ‘कवळाणा’ असे छापले जाते, गावकरी मात्र कौळाणेच म्हणतात.

तिकडे बडोद्यात मोठे रामायण सुरू होते. खंडेराव महाराजांच्या निधनानंतर त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारींचा ढीग साचला. दादाभाई नौरोजी यांनी १८७४ मध्ये काही काळ दिवाण म्हणून घडी बसवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचे फार काही चालले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष कालवल्याचा आरोप खुद्द महाराजांवर आला. सहा जणांच्या चौकशी आयोगात इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी धरले, तर तिन्ही हिंदी सदस्यांनी तसे मानण्यास नकार दिला. मग विषप्रयोग बाजूला ठेवून ‘गैरकारभार’ हे कारण पुढे करण्यात आले आणि १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले.

गादी रिकामी झाली. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या शाखांची चौकशी झाली आणि कौळाण्याची मुले बडोद्याला बोलावली गेली. ‘इथे कशासाठी आलास?’ असे विचारल्यावर बाकीची मुले गडबडली आणि गोपाळने ‘राज्य करायला’ असे ठणकावले, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

राजा घडवायला किती वर्षे लागली?

सहा. या काळात राज्य चालवले ते दिवाण सर टी. माधवराव यांनी. माधवराव तंजावरकडचे मराठी भाषक. त्रावणकोर आणि इंदूरच्या कारभाराचा अनुभव घेऊन आलेले. त्यांनी खजिना सावरला, न्यायालये आणि महसूल खाते मार्गी लावले. गोपाळच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, त्यात गणित, इतिहास, घोडेस्वारी आणि कसरत. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी हा बोजा मोठा होता. सयाजीरावांना पुढे आयुष्यभर शिक्षणाचे जे वेड राहिले, त्याचे मूळ या उशिरा आणि घाईने झालेल्या शिक्षणात असावे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. बडोदा हे सलग राज्य नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार मुख्य प्रांत, आणि मध्ये मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसऱ्या संस्थानांच्या जमिनी. एका प्रांतातून दुसऱ्यात जायचे तर परक्या हद्दीतून जावे लागे. १९११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या थोडी वर होती. शिवाय राजा आणि त्याचे बरेच सरदार मराठी, तर बहुसंख्य प्रजा गुजराती. कारभाराची भाषा गुजरातीच राहिली आणि सयाजीरावांनी ती मनापासून स्वीकारली.

रशियाच्या झारांशी तुलना का होते?

‘सुधारक राजा’ म्हटले की जगाच्या इतिहासात पहिली आठवण रशियाची येते. पीटर द ग्रेटने १६९७-९८ मध्ये वेश बदलून युरोपचा दौरा केला, हॉलंडच्या गोदीत हातोडा चालवला आणि परतल्यावर सरदारांच्या दाढ्या कापायला लावल्या; ज्यांना दाढी ठेवायची होती त्यांच्यावर कर बसवला. पुढे दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ मध्ये भूदासांना मुक्त केले. जमीनदारांच्या मालकीची दोन कोटींहून अधिक माणसे एका हुकमाने मोकळी झाली. १८६४ मध्ये त्याने नवी न्यायव्यवस्था आणि ‘झेम्स्त्वो’ नावाची स्थानिक स्वराज्य मंडळे आणली. पण मुक्त झालेल्या शेतकऱ्याला जमिनीची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची होती. म्हणजे बेडी निघाली आणि कर्ज चढले. मार्च १८८१ मध्ये बॉम्बहल्ल्यात अलेक्झांडर मारला गेला आणि त्याच्या मुलाने सुधारणांची चाके उलटी फिरवली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सयाजीरावांनी कारभार हाती घेतला. साम्य आहे ते पद्धतीत. सयाजीरावही १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि नंतर वारंवार जात राहिले. पाहिलेली प्रत्येक उपयोगाची गोष्ट टिपून आणत आणि बडोद्यात करून पाहत. सुधारणा मागायला प्रजा रस्त्यावर आली नव्हती. राजवाड्यातून हुकूम निघे. फरकही तेवढाच मोठा. झारच्या डोक्यावर कोणी नव्हते, सयाजीरावांच्या डोक्यावर इंग्रज रेसिडेंट बसलेला होता. दुसरे म्हणजे सयाजीरावांची घाई वेगळ्या जातीची होती. आधी एका तालुक्यात प्रयोग, मग हिशेब, मग कायदा, असा त्यांचा क्रम असे.

सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग काय होता?

या क्रमाचे सर्वांत चांगले उदाहरण अमरेलीचे. १८९३ मध्ये अमरेली शहर आणि आसपासच्या काही खेड्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले. मुलींनाही. इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत जाणे सक्तीचे होऊन तेव्हा जेमतेम १३ वर्षे झाली होती. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड. अमरेली निवडण्यामागे हिशेब होता : काठेवाडातला आडबाजूचा, गरीब भाग. इथे जमले तर कुठेही जमेल.

लोकांच्या तक्रारीही साध्या आणि खऱ्या होत्या. मूल शाळेत गेले तर गुरे कोण राखणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, पेरणीच्या दिवसांत काय करायचे? शाळेसाठी शिक्षक आणि इमारती लागणार होत्या. मुलींसाठी शिक्षिका मिळणे तर फारच अवघड. म्हणून सक्ती हळूहळू वाढवत नेली गेली. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर, १९०६ मध्ये, ती संपूर्ण राज्याला लागू झाली.

या प्रयोगाचा आवाज बडोद्याबाहेर मोठा झाला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. एक हिंदी राजा आपल्या तिजोरीतून हे करू शकतो, तर इंग्रज सरकार का नाही, हा त्यांचा सवाल होता. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. त्यातून निर्माण झालेली विसंगती नाशिककरांनी लक्षात घ्यावी अशी आहे. अमरेलीतल्या शेतकऱ्याच्या मुलीला शाळेत पाठवणे कायद्याने बंधनकारक होते. कौळाण्यातल्या, म्हणजे खुद्द महाराजांच्या गावच्या मुलीला मात्र तसा कोणताही हक्क नव्हता, कारण मालेगाव तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होता. मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा १९१८ चा, आणि तोही नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला. देशभरातल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळायला २००९ साल उजाडले.

अस्पृश्यांसाठी शाळा होत्या का?

होत्या, आणि त्या सक्तीच्या कायद्याच्या बऱ्याच आधी सुरू झाल्या. कारभार हाती घेतल्यावर एक-दोन वर्षांतच सयाजीरावांनी अस्पृश्य आणि आदिवासी मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. वह्या-पुस्तके आणि वसतिगृहेही दिली. अडचण आली ती मास्तरांची. सवर्ण हिंदू शिक्षक या शाळांत शिकवायला तयार होईनात. म्हणून मुसलमान शिक्षक नेमले गेले, पुढे आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांची मदत घेतली गेली. पंजाबातून पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळांची देखरेख त्यांच्याकडे सोपवली. राजाचा हुकूम होता, पगार होता, इमारत होती. फळ्यासमोर उभे राहायला माणूस नव्हता. पुढे काय होणार आहे याची ही पहिली खूण होती.

महाराष्ट्रातल्या सुधारकांशी सयाजीरावांचा संबंध याच काळात जुळला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मधला मजकूर त्यांना बडोद्यात वाचून दाखवला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांना त्यांनी आर्थिक मदत केली आणि मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले. राजवाड्यातली धार्मिक कृत्ये वेदोक्त पद्धतीने व्हावीत हा वाद बडोद्यात १८९६ मध्ये झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेळी जो वाद गाजला, तो त्यानंतरचा.

पुस्तके खेड्यापर्यंत कशी गेली?

शाळेत चार इयत्ता शिकलेला मुलगा पाच वर्षांत अक्षर विसरतो, कारण घरी वाचायला काहीच नसते. आजही शिक्षक ही तक्रार करतात. सयाजीरावांना हे उमगले आणि त्यांनी त्यावर ग्रंथालयाचा उपाय काढला. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच सुरू केले. बोर्डन तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी आपला सुमारे २० हजार पुस्तकांचा संग्रह देऊन टाकला.

गावच्या ग्रंथालयाचे गणित पाहण्यासारखे आहे. गावकऱ्यांनी ठरावीक रक्कम जमवली की तेवढीच प्रांताच्या पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही, हा त्यामागचा रोखठोक विचार. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरते ग्रंथालय जाई. पेटीत गुजराती, मराठी पुस्तके. वाहतुकीचा खर्च सरकारचा. मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी सोय, आणि वाचता न येणाऱ्यांना दाखवण्यासाठी चित्रे. बडोद्याच्या मांडवी भागात मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आजही उभी आहे. कपाटांच्या मजल्यांवर उजेड झिरपावा म्हणून तिथे काचेच्या लाद्या बसवल्या आहेत.

बालविवाहबंदीचा कायदा पाळला गेला?

इथे चित्र इतके देखणे राहत नाही. १९०४ च्या कायद्याने मुलीचे लग्नाचे किमान वय १२ आणि मुलाचे १६ ठरवले. आजच्या नजरेला हे वय धक्कादायक वाटेल, पण ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा म्हणजे सारडा कायदा यायला १९२९ उजाडले. बडोद्याने २५ वर्षे आधी हे केले.

लोकांनी मात्र कायद्यातून वाट काढली. लग्न लावायचे, दंड भरायचा. अनेक घरांत हा दंड लग्नाच्या खर्चातलाच एक आकडा होऊन बसला. काहींनी वऱ्हाड हद्दीबाहेर नेले. राज्य तुकड्यांत विखुरलेले असल्याने परका मुलूख कधी एका कोसावर, कधी त्याहून जवळ. पीटरच्या दाढीकराची आठवण इथे येतेच : पैसे भरा आणि जुनी रीत चालू ठेवा. फरक इतकाच, की पीटरने ती सवलत स्वतः दिली होती आणि बडोद्यात ती लोकांनी शोधून काढली.

१९१५ चा हिंदू पुरोहित कायदा तर त्याहून धीट. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन सनद घ्यावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत सांगावा, अशी अपेक्षा त्यात होती. गोदाघाटावर किंवा त्र्यंबकेश्वरात असा कायदा कोणी आणला असता तर काय झाले असते, याची कल्पना नाशिककर करू शकतात. विधवा विवाहाला कायद्याची मान्यता आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाची सोय याही गोष्टी बडोद्याने केल्या. घटस्फोटाची तरतूद देशभर आली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने.

या कामात दुसऱ्या पत्नी चिमणाबाई यांचा वाटा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८८५ मध्ये हे लग्न झाले. चिमणाबाईंना पतीनेच शिकवण्याची व्यवस्था केली. पुढे त्यांनी पडदा सोडला, हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत सहलेखक म्हणून पुस्तक काढले आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांची मुलगी इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेले लग्न मोडून १९१३ मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. तेव्हा मात्र सुधारक आई-वडील बरेच नाराज होते. लग्नाचे स्वातंत्र्य प्रजेला देणे सोपे, लेकीला देणे कठीण.

आंबेडकरांना शिष्यवृत्ती मिळाली, घर का मिळाले नाही?

भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी महिना २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर झाली. अट एकच : परतल्यावर दहा वर्षे बडोदा सरकारची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात शिकून आंबेडकर लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अटीप्रमाणे बडोद्यात हजर झाले.

त्यानंतरचे अकरा दिवस आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. दिवसा महालेखापालांच्या कचेरीत काम, रात्री अंधाऱ्या, रिकाम्या इमारतीत एकटे. त्यांनी सरकारी बंगला मिळावा म्हणून महाराजांकडे अर्ज केला. महाराजांनी तो दिवाणांकडे पाठवला आणि दिवाणांकडून निर्णय होईना. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झाले. दोघांनीही वेगवेगळ्या कारणांनी असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्री होती. ते पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

ही बाग म्हणजेच आजची सयाजी बाग. सयाजीरावांच्याच काळात, १८७९ मध्ये, प्रजेसाठी उभारलेली. राज्यातल्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या असाव्यात हे धोरण बागेपुरते तरी टिकले होते. पण घरमालकाच्या दारावर महाराजांचा हुकूम चालत नव्हता, आणि ज्या एका इमारतीवर तो चालला असता त्या सरकारी बंगल्याची फाइल दिवाणांच्या टेबलावर होती. हा दोष समाजाचा म्हणून सोडून देता येत नाही. त्यात राज्ययंत्रणेचाही वाटा आहे. शाळा, शिष्यवृत्ती, नोकरी यांचा विचार झाला होता. शिकून आलेला माणूस रात्री झोपणार कुठे, हा विचार कुणी केला नव्हता.

बँक, कलाभवन आणि पाणी

उद्योगांची बाजू थोडक्यात. २० जुलै १९०८ रोजी ‘बँक ऑफ बडोदा’ सुरू झाली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. १८९० मध्ये ‘कलाभवन’ ही तंत्रशिक्षणाची शाळा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने निघाली. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय तिथे देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह होता. आजवा तलावातून बडोदा शहराला नळाचे पाणी मिळू लागले ते १८९२ पासून. माणसे निवडण्याची नजरही होती. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीत होते, इतिहासकार रमेशचंद्र दत्त महसूलमंत्री आणि नंतर दिवाण झाले.

इंग्रजांशी खटका कुठे उडाला?

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात. पंचम जॉर्ज बादशहांपुढे प्रत्येक संस्थानिकाने तीनदा लवून मुजरा करावा आणि पाठ न दाखवता मागे सरकावे, असा शिष्टाचार ठरला होता. सयाजीराव साध्या वेशात गेले, एकदा झुकले आणि वळून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. दरबाराचे चित्रीकरण झाले होते आणि ते इंग्लंडात पडद्यावर दाखवले गेले. महाराजांना पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करावी लागली. मुद्दाम केले की गोंधळात झाले, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. पण इंग्रजांचा संशय आधीपासूनचा होता. अरविंद घोषांसारखी माणसे पदरी ठेवणारा आणि युरोपात हिंदी क्रांतिकारकांशी गाठीभेटी होतात अशी कुजबुज असलेला राजा त्यांना नकोसाच होता. झुकायचे किती आणि ताठ राहायचे किती, याचा हिशेब सयाजीरावांना आयुष्यभर करावा लागला.

मग मर्यादा कोणत्या?

सत्ता त्यांनी फारशी वाटली नाही. ग्रामपंचायतींना नवे रूप दिले, न्यायखाते कारभारापासून वेगळे केले, विधिमंडळही काढले. पण शेवटचा शब्द महाराजांचाच राहिला. अलेक्झांडरच्या झेम्स्त्वोंबद्दल जी तक्रार होती तीच इथे. प्रकृतीच्या कारणाने ते वर्षातले महिनेच्या महिने युरोपात असत आणि महत्त्वाच्या फायली तिथवर जात. सक्तीचे शिक्षण असूनही साक्षरतेत त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थाने बडोद्याच्या पुढेच राहिली. तिथे मिशनरी शाळा आणि जातींच्या संघटना यांनी खालून रेटा लावला होता. बडोद्यात तो रेटा कमी होता.

घरातही सुख बेताचेच. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ मध्ये गेले, त्यानंतर आणखी दोन मुलगे तरुण वयात वारले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले तेव्हा गादी नातवाकडे, प्रतापसिंहरावांकडे गेली. दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी बडोद्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ सुरू झाले. झारच्या सुधारणा त्याच्या मुलाने मागे घेतल्या. बडोद्याच्या सुधारणा मागे घ्यायला राज्यच उरले नाही. बालविवाह, शिक्षण, घटस्फोट हे तिन्ही विषय तोवर दिल्लीच्या संसदेकडे गेले होते.

मराठी वाचकासाठी मागे काय राहिले?

बरेच काही, आणि बरेचसे दुर्लक्षित. कारभाराचे शब्द देशी भाषांत असावेत म्हणून त्यांनी तयार करून घेतलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश शासनव्यवहारातल्या मराठीचा विचार करणाऱ्यांनी अजूनही चाळावा असा आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांची चरित्रसाधने प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. तिने पत्रे, भाषणे आणि चरित्रे यांचे अनेक खंड काढले आहेत.

नाशिक जिल्ह्याचे धागे आणखी दोन. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले आणि १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दुसरा धागा बडोद्याच्या बागेत पाच तास बसलेल्या माणसाचा. २ मार्च १९३० रोजी आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. येवला आणि कौळाणे हे एकाच जिल्ह्यात, मध्ये फक्त मनमाड.